राखीव पलटण तयार आहे, असं कधी म्हणायचं?

प्रश्न असा आहे: ६ मे २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयानं प्रादेशिक सेनेचे अधिकारी आणि जवान बोलावून घेण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले. ३२ इन्फन्ट्री (पायदळ) पलटणींपैकी १४ पलटणी तैनात करायला मुभा मिळाली. पण प्रादेशिक सेनेची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, मूळ कल्पना म्हणजे एरवी शेतात, दुकानात, कारखान्यात राबणारी माणसं आणि वर्षाला दोन महिन्यांचं शिबिर. एवढ्या तयारीवर ती ऐनवेळी उपयोगी पडतात का? शिबिर दोनाचं चार महिने केलं तर सज्जता वाढेल का?

मी प्रादेशिक सेनेच्या एका इन्फन्ट्री पलटणीत बरीच वर्षं अधिकारी होतो, कंपनी (पलटणीतली एक मोठी तुकडी) सांभाळली. एरवी नोकरी करत होतो, म्हणजे वर्दीची बाजूही पाहिली आणि रजेचा अर्ज घेऊन मॅनेजरपुढे उभं राहायची बाजूही. त्या अनुभवावरून सांगतो. शिबिर चार महिने करून थोडा फरक पडेल, पण पैसा आणि माणसांच्या नोकऱ्या यांच्या मानानं तो फार महाग पडेल. राखीव दलाची सज्जता ठरते ती माणूस घरी असतो त्या दहा महिन्यांत. त्या काळात त्याचा पत्ता, शरीर, नोकरी आणि त्याची तुकडी यांच्याकडे कुणी लक्ष दिलं की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे चर्चा होते ती दोन महिन्यांची. उरलेल्या दहांना कुणी वाली नसतो.

थोडी पार्श्वभूमी देतो. प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं औपचारिक उद्घाटन झालं, म्हणून तो दिवस आजही वर्धापनदिन म्हणून पाळतात. तिचे दोन भाग आहेत. विभागीय पलटणींत रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइल यांसारख्या संस्थांचे कर्मचारी असतात. अविभागीय भागात इन्फन्ट्री आणि पर्यावरण पलटणी येतात. आपल्याकडची ठाणी सांगायची तर पुण्याला १०१ आणि कोल्हापूरला १०९ या मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या पलटणी आहेत. छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ पर्यावरण पलटण आहे. २०२५चा आदेश प्रादेशिक सेना नियमावली १९४८च्या नियम ३३खाली निघाला आणि त्याची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे.

विभागीय आणि अविभागीय हा फरक वरवर कारकुनी वाटतो, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. १९७४च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला, तेव्हा गाड्या चालू ठेवायला प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्यांना बोलावलं. त्या जवानांना गाडी चालवायला शिकवायची गरज नव्हती. वर्षभर ते तेच काम करत होते, वर्दी फक्त वरून चढवली. इन्फन्ट्रीच्या जवानाचं तसं नाही. कागलचा जवान दहा महिने ऊसतोड बघतो, नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत साचे भरतो. रायफल, गस्त, नकाशा, रेडिओ यांपैकी काहीच त्याच्या रोजच्या कामात नाही. त्याचं सैनिकी कसब दर महिन्याला थोडं थोडं झिजतं. त्यामुळे या दोघांसाठी एकच तयारीचा साचा वापरणं चूक आहे.

हीच गोष्ट अमेरिकेला १९९०-९१च्या आखाती युद्धात फार मोठ्या प्रमाणावर दिसली. तिथल्या नॅशनल गार्ड या राखीव दलाच्या काही ब्रिगेड नियमित डिव्हिजनला पूरक म्हणून राखून ठेवल्या होत्या. कागदावर त्या तयार होत्या. जॉर्जिया राज्याची ४८वी इन्फन्ट्री ब्रिगेड नोव्हेंबर १९९०च्या अखेरीस बोलावली, कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनच्या वाळवंटात तिच्याकडून महिनोन्‌महिने सराव करून घेतला आणि ती लढाईयोग्य ठरली तेव्हा युद्ध संपलं होतं. त्याच काळात मालवाहू ट्रकच्या, वैद्यकीय, दुरुस्तीच्या राखीव तुकड्या काही आठवड्यांत सौदी अरेबियात पोचून काम करत होत्या. ट्रक चालवणारा घरीही ट्रकच चालवत होता. रणगाडा-तोफखाना-इन्फन्ट्री यांचा एकत्र मेळ घालणं मात्र गार्डच्या ठरलेल्या सरावात, म्हणजे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी आणि वर्षातल्या दोन आठवड्यांत, जमत नाही. ब्रिगेड अडली ती अधिकारी आणि हवालदारांच्या नेतृत्वाच्या सरावावर, आणि दातांवर. हो, दातांवर. कित्येक सैनिकांच्या दातांवर उपचार केल्याशिवाय त्यांना बाहेर पाठवता येत नव्हतं.

दातांचं ऐकून हसू नका. आपल्या शिबिराचा पहिला आठवडा कसा जातो ते सांगतो, मग लक्षात येईल.

पहिल्या दिवशी गेटवर माणसं येतात. कुणी पहाटेच्या एसटीनं, कुणी मोटारसायकलवर, कुणी मुंबईहून रात्रभर प्रवास करून. फॉल-इन होतो म्हणजे रांगा लागतात, सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) नफरी, म्हणजे माणसांची मोजणी, घेतो. यादीतली काही माणसं आलेली नसतात. त्यांचे फोन लावायचे, तर नंबर बंद. घरच्या नंबरवर आई उचलते, "त्यो आता भोसरीला असतोय की, नंबर बदललाय त्यानं," म्हणते. कंपनीच्या रजिस्टरात पत्ता मात्र राधानगरी तालुक्यातलाच. आलेल्यांची कागदपत्रं सुरू होतात: बँक खातं बदललेलं, लग्न झालेलं पण बायकोचं नाव नोंदलेलं नाही, वारस म्हणून अजून वारलेल्या वडिलांचं नाव. मग मेडिकल. कुणाचं बीपी वाढलेलं, कुणाला साखर निघाली आणि ती त्यालाच पहिल्यांदा कळतेय. कुणाला लांबचं नीट दिसत नाही, पण चष्मा करून घेतलेला नाही. दाढ किडलेली माणसं तर प्रत्येक प्लाटूनमध्ये. मग स्टोअरमध्ये कपडे, बूट. नव्या बुटांत दुसऱ्या दिवशीच्या मार्चला निघालेला माणूस संध्याकाळी टाचेला फोड घेऊन बसतो आणि पुढचे दोन-तीन दिवस बुटांऐवजी चप्पल घालायच्या परवानगीवर फिरतो. मग कोतमधून (शस्त्रागारातून) रायफल निघते, झिरोइंगची, म्हणजे रायफलचा नेम जुळवून घेण्याची, तारीख लागते.

या सगळ्यात आठवडा जातो, कधी दहा दिवस. साठ दिवसांतले हे दिवस प्रशिक्षणाचे नाहीत, ते नुसते माणूस पुन्हा यादीवर आणण्याचे आहेत. आणि बोलावणं खरं युद्धाचं असतं तर हेच दिवस सर्वांत मोलाचे असते. यातलं जवळजवळ प्रत्येक काम घरी असताना, तालुक्याच्या ठिकाणी, आधी होण्यासारखं आहे. म्हणून मी म्हणतो, शिबिर लांबवण्याआधी हा आठवडा वाचवा.

तो कसा वाचवायचा? पहिलं म्हणजे यादी. पलटणीच्या ऑफिसातला क्लार्क सगळ्या जवानांची माहिती जिवंत ठेवू शकत नाही. ते काम सेक्शन कमांडरचं आहे. त्याच्याकडे दहा माणसं असतात. महिन्यातून एकदा त्यानं प्रत्येकाला फोन करायचा आणि पाच गोष्टी विचारायच्या: कुठं राहतोस, काय काम करतोस, तब्येत कशी आहे, घरी काय चाललंय, नंबर तोच आहे ना. हा फोन त्याची अधिकृत ड्यूटी मानून त्याला त्याचा थोडाफार भत्ता द्यावा. आज हे काम चांगला हवालदार स्वतःच्या जिवावर करतो आणि बाकीचे करत नाहीत. ज्या कंपन्यांत असा हवालदार होता, तिथं नफरी पहिल्या दुपारपर्यंत भरायची. यापेक्षा स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

यातून आणखी एक फायदा होतो, जो कागदावर दिसत नाही. ज्या माणसानं आजारपणात चौकशी केली, मुलीच्या दहावीच्या निकालाला फोन केला, त्याच्या हाकेला जवान वेगळ्या पायानं येतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या पलटणींना हे विशेष लागू आहे. पंचगंगेला महापूर येतो तेव्हा मदतीला जाणाऱ्या जवानाचं स्वतःचं घरही पाण्यात असू शकतं. कुणाचं घर कुठल्या गल्लीत आहे, घरी म्हातारं कोण आहे, हे सेक्शन कमांडरला ठाऊक असेल तर कुणाला आधी बोलवायचं आणि कुणाला दोन दिवस घरी थांबू द्यायचं हे तो ठरवू शकतो. नाहीतर माणूस हजर होतो पण त्याचं चित्त तिकडेच असतं.

दुसरं शरीर. प्रादेशिक सेनेत १८ ते ४२ वयात भरती होता येतं, म्हणजे एका सेक्शनमध्ये विशीतला पोरगा आणि पंचेचाळिशीकडे झुकलेला गडी शेजारी असतात. बीपीईटी या लष्कराच्या शारीरिक चाचणीतली पाच किलोमीटरची धाव शिबिराच्या शेवटी जमवून आणता येते. दोन महिने रोज पीटी केल्यावर जमणारच. पण बोलावणं नोव्हेंबरात आलं आणि शिबिर मार्चमध्ये संपलेलं असलं तर? म्हणून वर्षातून एकदा, शिबिराच्या बाहेर, जवळच्या मान्यताप्राप्त रुग्णालयात साखर, रक्तदाब, डोळे आणि दात यांची तपासणी सरकारी खर्चानं व्हावी. चष्मा लागत असेल तर तो करून द्यावा. कमरेचा घेर वाढलेल्या माणसाला सेक्शन कमांडरनं फोनवर विचारावं. आणि शारीरिक परीक्षा शिबिराच्या दुसऱ्या दिवशी घ्यावी, शेवटच्या आठवड्यात नको. जवानाला हे आधी माहीत असलं की तो घरी धावतो. दुसऱ्या कुठल्याही भाषणानं धावत नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

गोळीबाराचंही तेच. पलटणी शेवटच्या फायरिंगचा निकाल अहवालात लिहितात. मला पहिल्या फायरिंगचा निकाल हवा असतो, कसलाही सराव न करता घेतलेला. कारण आदेश आल्यावर माणूस जसा असेल तसाच जाणार आहे. रायफल चालवणं बहुतेकांच्या हातात राहतं. विसरतात ते बारकावे. जॅम झालेली रायफल अंधारात मोकळी करणं, मॅगझिन बदलताना डोळे समोर ठेवणं, शेजारच्याची दिशा लक्षात ठेवणं. पहिल्या दिवशी हे तपासलं की पुढच्या दिवसांत कुणावर किती काडतुसं खर्च करायची ते कळतं. सगळ्यांना सारखीच काडतुसं वाटली की चांगले आणखी चांगले होतात आणि कच्चे तिथेच राहतात.

आता मुख्य मुद्दा, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे. राखीव दलात सर्वांत लवकर झिजतं ते जवानाचं कसब नाही, नाईक-हवालदारांचं नेतृत्व. नियमित फौजेतला हवालदार वर्षाचे बाराही महिने माणसं हाताळतो. आपला हवालदार दहा महिने दुसऱ्याच्या हाताखाली काम करतो, वॉचमन म्हणून, टेम्पो चालवून, शेतीत. मग अचानक त्याच्या हाताखाली दहा हत्यारबंद माणसं येतात. त्याला आवाज सापडायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात आदेश देताना तो सुभेदार साहेबांकडे बघतो. यावर उपाय आहे. नाईक, हवालदार आणि तरुण अधिकारी यांना बाकीच्यांच्या दहा दिवस आधी बोलवावं. त्या दहा दिवसांत नकाशा, वाळूचं मॉडेल, रेडिओवरचं बोलणं, गस्तीचे आदेश आणि रात्रीची चाल, एवढंच. त्यांचे वर्षाचे दिवस थोडे वाढतील, पण सगळ्या पलटणीचे दिवस वाढवण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे, आणि नफा कितीतरी जास्त. अधिकाऱ्याला पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं पोस्ट-कमिशन प्रशिक्षण मिळतं. त्यानंतर शिबिराबाहेर त्याच्या डोक्याला खाद्य काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याला घरी बसून सोडवायचे डावपेचाचे प्रश्न पाठवावेत, त्याची उत्तरं तपासावीत. नोकरी करणारा माणूस रात्री तासभर यासाठी देऊ शकतो. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांना ते हवंच होतं.

याला जोडूनच तुकडी न मोडण्याचं तत्त्व येतं. सिंगापूरमध्ये सक्तीची सेवा संपल्यावर माणूस साधारण दहा वर्षांच्या चक्रात राखीव तुकडीत येतो आणि शक्यतो त्याच माणसांबरोबर राहतो. तिथं टीव्ही, रेडिओ आणि फोनवरून सांकेतिक शब्द प्रसिद्ध करून बोलावण्याचा जाहीर सराव होतो. माणसं काही तासांत हजर होतात, दारूगोळा-सामान ताब्यात घेतात आणि घरी जातात. देश लहान आहे, हे मान्य. राधानगरीहून ठाण्यापर्यंत यायला लागणारा वेळ वेगळा, भोसरीहून वेगळा. पण तत्त्व आपल्यालाही लागू आहे: बोलावण्याचा सराव बोलावूनच होतो. वर्षातून एकदा, आगाऊ न सांगता, एका कंपनीला तालुक्याच्या ठिकाणी हजर व्हायला सांगा. एक दिवसाचा पगार आणि प्रवासखर्च द्या, मोजणी करा, चहा पाजून परत पाठवा. चोवीस तासांत किती जणांनी फोन उचलला, बहात्तर तासांत किती जण उभे राहिले, त्यांतले किती त्या दिवशी वैद्यकीयदृष्ट्या योग्य होते. हे तीन आकडे कमांडिंग ऑफिसरच्या टेबलावर असले की कुठलाही गुळगुळीत अहवाल लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर माझं बोलणं अर्धवट ठरेल. "दोन महिने वर्दी, दहा महिने घर" हे कायद्यातलं चित्र आहे. प्रत्यक्षात आपल्या अनेक इन्फन्ट्री पलटणी वर्षानुवर्षं एम्बॉडी असतात, म्हणजे पूर्णवेळ सेवेत घेतलेल्या. काश्मीर, ईशान्य भारत, महत्त्वाची ठाणी. त्यांच्या कामाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. २०१९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळालेले लान्स नाईक नझीर अहमद वानी हे प्रादेशिक सेनेच्या १६२व्या पलटणीचे. जून २०२२च्या अखेरीस मणिपूरमध्ये तुपुल इथं दरड कोसळून जे जवान गेले, त्यांत रेल्वेमार्गाच्या कामाला संरक्षण देणाऱ्या १०७व्या पलटणीचे कितीतरी होते. ही माणसं सैनिकच आहेत, अर्धवट सैनिक नव्हेत.

पण जी पलटण आधीच तैनात आहे ती राखीव राहत नाही. संकट आल्यावर बोलवायची ती माणसं आधीच कामावर असतील तर वाढीव बळ आणायचं कुठून? दुसरा धोका असा की पहाऱ्याच्या ड्यूटीलाच प्रशिक्षण मानलं जातं. हा धोका इस्रायलनं २००६मध्ये अनुभवला. आधीची काही वर्षं त्यांच्या राखीव तुकड्या वेस्ट बँकमध्ये नाक्यांवर आणि गस्तीवर वापरल्या गेल्या, सरावाचा पैसा कापला गेला. लेबनॉनच्या लढाईत त्याच तुकड्यांना डोंगरात हिजबुल्लाशी लढायला पाठवलं तेव्हा सराव तुटपुंजा होता आणि आणीबाणीच्या कोठारांत सामान अपुरं निघालं. त्या युद्धाची चौकशी करणाऱ्या विनोग्राड समितीनं यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. पुढे त्यांनी सराव वाढवला, २००८मध्ये राखीव सेवेचा स्वतंत्र कायदा केला. आपणही चालू तैनातीतून कंपन्यांना आळीपाळीनं काही आठवडे बाहेर काढून निव्वळ सराव द्यायला हवा. पहारा देताना माणूस सतर्क राहायला शिकतो, कंपनी म्हणून हालचाल करायला शिकत नाही.

आणि सराव कशाचा? माझं मत असं की राखीव इन्फन्ट्री पलटणीला तीनच कामं नेमून द्यावीत आणि ती चोख यावीत: महत्त्वाच्या ठाण्यांचं रक्षण, रस्ते आणि ताफ्यांचं संरक्षण, आणि आपत्तीत मुलकी प्रशासनाला मदत. २०२५च्या आदेशातही पहाऱ्याचा आणि नियमित सेनेला पूरक बळाचाच उल्लेख आहे. यातलं पहिलं काम आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मे २०२५मध्ये पश्चिम सीमेवर ड्रोनचे जे थवे आले, त्यानंतर तेलाचा डेपो किंवा पूल राखणाऱ्या पहारेकऱ्यानं फक्त कुंपणाकडे बघून चालणार नाही. वर बघायचं, आवाज ओळखायचा, कुणाला कळवायचं, दिवे कधी मालवायचे, गोळी कधी झाडायची आणि कधी अजिबात नाही, हे त्याला शिकवावं लागेल. दोन महिन्यांत हे बसवता येतं, पण बाकीची सटरफटर कामं वेळापत्रकातून काढली तरच. आणि ज्या हत्यारावर तैनात होणार, तेच हत्यार शिबिरात हातात हवं.

बुटांवर परत येतो. स्वित्झर्लंडमध्ये नागरिक-सैनिक आपलं व्यक्तिगत सामान घरी ठेवतो, रायफलसुद्धा. रायफल आपल्याकडे कोतमध्येच राहावी, त्याबद्दल वाद नाही. पण बूट, मोजे, एक गणवेश आणि पाठपिशवी जवानाच्या घरी का असू नये? पायात बसलेले बूट घालून आलेला माणूस पहिल्या दिवशी दहा किलोमीटर चालतो. खर्च तोच, फक्त सामान वेगळ्या ठिकाणी ठेवायचं आहे.

आता नोकरी. प्रादेशिक सेना कायद्याच्या कलम ७-अ प्रमाणे सेवेसाठी गेलेल्या माणसाला परत कामावर घेणं मालकावर बंधनकारक आहे. सरकारी नोकरीत हे बऱ्यापैकी पाळलं जातं. छोट्या खासगी धंद्यात कायदा माहीतच नसतो, आणि माहीत असला तरी माणूस कोर्टात जात नाही. तो शिबिराला यायचं टाळतो किंवा नोकरी सोडतो. माझ्या कंपनीतला एक नाईक फाउंड्रीत मोल्डर होता. शिबिराहून परतला तर त्याच्या जागी दुसरा माणूस. मी मालकाला भेटायला गेलो. मालक काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "साहेब, पंधरा माणसांत माझा धंदा चालतो. ऑर्डर तोंडावर असताना कुशल माणूस दोन महिने गेला तर मी काय करायचं? मला महिनाभर आधी तरी सांगा." त्याचं म्हणणं रास्त होतं. त्याला पत्र कुणीच पाठवलं नव्हतं. बोलून तो नाईक परत लागला.

त्या भेटीतून मला पटलं ते असं: शिबिराची तारीख तीन महिने आधी मालकाला पलटणीच्या लेटरहेडवर कळली पाहिजे, सोबत कायद्याच्या कलमाची सोप्या मराठीत माहिती आणि एका अधिकाऱ्याचा नंबर. अमेरिकेत १९७२ पासून मालकांशी बोलायला स्वयंसेवकांची अधिकृत संस्था आहे. वाद कोर्टात जाण्याआधीच ती मध्ये पडते. ब्रिटनमध्ये २०१४च्या कायद्यानंतर राखीव सैनिक बोलावला गेला तर छोट्या आणि मध्यम उद्योगाला दरमहा ५०० पौंडांपर्यंत जादा साहाय्य मिळू लागलं. आपण पैशाऐवजी कर-सवलत किंवा सरकारी निविदेत थोडं प्राधान्य देऊ शकतो. कोल्हापूर, इचलकरंजी, चिंचवड इथल्या उद्योजक संघटनांच्या बैठकीत वर्षातून एकदा कमांडिंग ऑफिसरनं जाऊन बसावं, ही तर बिनखर्चाची गोष्ट आहे. जवानाची नोकरी सुरक्षित नसेल तर त्याची सज्जता सुरक्षित नाही, हे आमच्याकडचे अनुभवी सुभेदार नेहमी बोलून दाखवत.

पेन्शनचा प्रश्न मी थोडक्यात मांडतो, कारण तो मोठा आणि दुखरा आहे. पेन्शनसाठी एम्बॉडी सेवाच मोजली जाते: जवानाला १५ वर्षं, अधिकाऱ्याला २० वर्षं. पलटण घरी पाठवली की घड्याळ थांबतं. त्यामुळे जवानाला मनातून तैनातीतच राहायचं असतं आणि खरं राखीव आयुष्य त्याला तोट्याचं वाटतं. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण पलटणीतल्या एका जवानाला दिव्यांगता पेन्शनचा हक्क मान्य केला, पण तो हक्क मिळवायला त्याला तिथवर जावं लागलं. घरी असलेल्या काळासाठी, हजेरी आणि तंदुरुस्तीच्या अटीवर, छोटा वार्षिक मानधन-भत्ता सुरू झाला तर हे गणित बदलेल. दहा महिन्यांची सज्जता हवी असेल तर त्या दहा महिन्यांची काहीतरी किंमत मोजावी लागेल.

शेवटी अग्निवीरांबद्दल, कारण प्रश्नात ते नसलं तरी पुढच्या काही वर्षांत सगळ्यांत मोठी संधी तीच आहे. त्यांची अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के तरुण कायम होतात, बाकीचे बाहेर पडतात. स्थलसेनेची पहिली तुकडी २०२२-२३च्या हिवाळ्यात प्रशिक्षणाला लागली, म्हणजे तिची चार वर्षं २०२६च्या अखेरीपासून भरायला लागतात. बाविशी-पंचविशीतले, पलटणीत मुरलेले, हत्यार हातात बसलेले तरुण. प्रादेशिक सेनेला नवखा माणूस घडवायला जी वर्षं लागतात, ती इथं आधीच खर्च झालेली आहेत. यांना नव्या शारीरिक परीक्षेच्या रांगेत उभं करण्यापेक्षा घराजवळच्या प्रादेशिक पलटणीत थेट घ्यावं, आणि आधी एकत्र राहिलेल्यांना शक्यतो एकाच कंपनीत ठेवावं.

यासाठी वेळ मात्र थोडा आहे. पलटण सोडून महिने उलटले की तो पोरगा पुण्याला, सुरतला किंवा आखातात कामाला लागलेला असेल आणि त्याचा नंबर बदललेला असेल. म्हणून रिलीजच्या दिवशी, तो गेटबाहेर पडण्याआधी, त्याच टेबलावर प्रादेशिक सेनेचा एक हवालदार बसलेला असावा. त्यानं फॉर्म भरून घ्यावा, गावचा आणि कामाचा असे दोन्ही पत्ते लिहून घ्यावेत, बुटाचं माप नोंदवावं आणि पुढचा फोन कुणाचा येणार त्या सेक्शन कमांडरचं नाव सांगून त्याला घरी पाठवावं.